मोडीच्या भावाने

आमच्या नाशिकच्या घरी नवीन मनुष्य आला, म्हणजे दिवाणखान्यात बसल्याबरोबर त्याची दृष्टी प्रथम कोठे जाईल हे आम्हांस आता अनुभवाने ठाऊक झाले आहे. दाराशेजारी एक काळसर लाकडी पेटी आहे. तिच्या दर्शनी बाजूवर पितळेचे पत्रे आणि पितळी खिळ्यांची दाट नक्षी आहे. पेटीवर चोचीसारख्या तोटीची कॉफीची पितळी झारी आहे. तिच्या शेजारी रुप्याच्या साखळीतला एक तावीत, आणि वर भिंतीला, काचेच्या चौकटीत, तांबड्या रंगाची दहा रुपयांची एक जुनी नोट. "हे सारे कोठले?" असे पाहुणा विचारतो. "मस्कतचे," असे आम्ही सांगतो, आणि मग अर्धा तास तरी बिचाऱ्याची सुटका होत नाही. संग्रह करणाऱ्यांचा हा दोष जगप्रसिद्ध आहे, व तो आमच्या ठिकाणी पुरेपूर वसत आहे हे कबूल करूनच आम्ही लिहावयास बसलो आहोत.

गेल्या दिवाळीत मात्र एका स्नेह्यांच्या सात-आठ वर्षांच्या नातीने आमचे व्याख्यान मध्येच थांबविले. तिने पेटी पाहिली, झारी पाहिली, नोट पाहिली, आणि शांतपणे विचारले, "आजोबा, आणि तुमच्या घरचे काय आहे?" आम्ही सभोवार पाहिले. तिला दाखवावयास आमच्याजवळ काही नव्हते. सौभाग्यवतींनी चटकन् तिच्या हातावर करंजी ठेवली म्हणून निभावले.

आम्ही १९८३ साली नोकरीनिमित्त ओमान देशाच्या राजधानीस, म्हणजे मस्कतला, गेलो. करार दोन वर्षांचा होता. परत आलो तेव्हा २००६ साल चालू होते. परदेशच्या नोकरीची ही गणिते बहुतेकांची अशीच चुकतात. आधी मुलांचे शिक्षण, मग घराचे हप्ते, मग "आता एकच वर्ष" असे म्हणत म्हणत केस पांढरे होतात. तेथे तेव्हा शुक्रवार सुटीचा असे. ऊन उतरले, की सौभाग्यवती व आम्ही मुत्रहच्या बाजारात जात असू. अरुंद बोळ, वर छप्पर, दोन्ही बाजूंस रुप्याची, कापडाची, भांड्यांची दुकाने, आणि सगळीकडे धुफार प्रांतातल्या लोबानाचा वास. हा वास वगळला, आणि डोळे किंचित मिटले, तर आपण आपल्या सराफ बाजारातून भांडी बाजाराकडे वळत आहोत असा भास व्हावा. पितळेवर हातोडी पडली म्हणजे जो आवाज निघतो तो सर्व देशांत सारखाच. खरे सांगावयाचे तर आमचा संग्रह कलेच्या प्रेमाने सुरू झाला नाही. तो त्या आवाजाने सुरू झाला. घराची आठवण काढावयास माणसे देवळात जातात, कोणी मंडळाच्या गणपतीला जातात. आम्ही बाजारात जात होतो आणि रिकाम्या हाताने परत येत नव्हतो.

पहिली खरेदी ती झारी. तिला तिकडे दल्ला म्हणतात. दुसरी मोठी खरेदी ही पेटी. तिकडच्या घरांत नवरीचे कपडे, दागिने, कागदपत्रे अशा पेटीत राहत. "हिचे नाव काय?" असे आम्ही दुकानदारास विचारले, तेव्हा तो म्हणाला, "मंदूस." आम्ही चमकलो. आपल्या जुन्या मराठीत मांदूस म्हणजे पेटीच! हा शब्द कोणी कोणाकडून घेतला हे ठरविण्याचे काम पंडितांचे आहे. पण पुढे वाचनात आले, की अशा कित्येक पेट्या सुरतेस आणि मुंबईस तयार होऊन गलबतांतून अरबस्तानच्या व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जात असत. म्हणजे ओमानचा दुर्मिळ ठेवा म्हणून आम्ही जी वस्तू आठवडाभर घासाघीस करून घेतली, ती कदाचित् आमच्याच किनाऱ्यावरून एकदा निघून गेलेली होती.

नोटेची कथा याहून विशेष आहे. आमचे वडील, त्यांस आम्ही नाना म्हणत असू, नाशिकरोडच्या नोटांच्या छापखान्यात नोकरीस होते. गावात त्याला नुसते प्रेस म्हणतात. तिकिटे व सरकारी दस्तऐवज छापण्याचे काम तेथे १९२५ च्या सुमारास सुरू झाले, आणि नोटांचा कारखाना १९२८ साली निघाला. पुढे १९७० नंतरच्या दशकात देवासचा कारखाना उभा राहीपर्यंत देशातील सगळ्या कागदी नोटा आमच्या नाशिकरोडला छापल्या जात. नाना रोज पैशांच्या डोंगरात वावरत आणि घरी येऊन भाजीच्या हिशेबातला आणा शोधीत बसत. दारावर झडती होई, म्हणून खिशात सुपारीचे खांडही ते मोजून नेत. प्रेसमध्ये आज काय छापले, हा प्रश्न घरात कोणी विचारीत नसे व त्याचे उत्तर कोणास मिळतही नसे.

१९८८ साली मुत्रहमधल्या एका म्हाताऱ्या दुकानदाराने नाण्यांच्या डब्यातून एक नोट काढून आमच्यापुढे ठेवली. नोट हिंदुस्थानची, दहा रुपयांची. सिंहमुद्रा तीच, अक्षरे तीच, पण रंग तांबडा! आम्ही ती खोटी समजून हसलो. तेव्हा म्हाताऱ्याने मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितले, की तरुणपणी त्याने याच नोटांनी बाजार केला होता. ते खरे होते. त्या वेळी आखाती प्रदेशांत आपलाच रुपया चाले. चोरट्या सोन्याच्या व्यापारात आपल्या नोटा तिकडे जात, आणि त्या परत आल्या म्हणजे सरकारास त्यांबद्दल परकीय चलन मोजावे लागे. ही गळती थांबविण्यासाठी १९५९ साली फक्त तिकडे चालणाऱ्या वेगळ्या रंगांच्या नोटा निघाल्या. त्यांच्या क्रमांकाआधी इंग्रजी वर्णमालेतले शेवटचे अक्षर असे. कुवेतने हा रुपया १९६१ साली सोडला. १९६६ साली आपल्या रुपयाची किंमत उतरविल्यावर बाकीच्यांपैकी बहुतेकांनी सोडला. ओमानात तो १९७० पर्यंत टिकला. आम्ही नोट उलटसुलट करून पाहू लागलो, आणि आमच्या ध्यानात आले, की ही आमच्या गावी छापलेली आहे, आणि ती छापली त्या वर्षी नाना तेथे कामावर होते.

किंमत न ठरविताच आम्ही ती घेतली. संग्राहकाने असे कधी करू नये.

त्या वर्षी रजेवर आलो तेव्हा ती नोट नानांच्या हाती दिली. त्यांनी चष्मा पुसला, नोट खिडकीच्या उजेडास धरली, आतली पाण्याची खूण पाहिली, कागद अंगठ्याने चाचपला. "कागद विलायतेचा," ते म्हणाले, "होशंगाबादच्या आधीचा." मग बराच वेळ ते काही बोलले नाहीत. आम्ही म्हणालो, "नाना, ही तुम्ही ठेवून घ्या." त्यांनी नोटेची घडी न घालता ती परत केली. "जन्मभर एक नोट घरी आणली नाही, ती आता कशाला? शिवाय ही इथे चालत नव्हती, आणि जिथे चालत होती तिथेही आता चालत नाही." एवढे बोलून ते देवपूजेस उठले. आमच्या सबंध संग्रहाविषयी त्यांनी उच्चारलेले हेच काय ते शब्द.

वाचक म्हणतील, यात वाईट काय झाले? अद्याप काही झाले नव्हते. परंतु रुप्याच्या तावीताविषयी सांगावयाचे आहे, आणि तो प्रसंग आम्ही पाहुण्यांस सहसा सांगत नाही.

ओमानातले जुने रुप्याचे दागिने अंगावर भारी आणि दिसण्यात मोठे देखणे. त्यांचे रुपे पुष्कळदा ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेसा राणीच्या रुपयांतून येई. ही राणी १७८० साली वारली; पण तेच साल घातलेली तिच्या मुखवट्याची नाणी पुढे दीडशे वर्षांहून अधिक काळ अनेक टांकसाळींत पडत राहिली, कारण अरबस्तानात व हबसाणात त्यांवाचून दुसऱ्या नाण्यावर कोणाचा विश्वास बसेना. दुसऱ्या महायुद्धात तर ती आपल्या मुंबईच्या टांकसाळीतही पाडली गेली. लग्नात मुलीला मिळालेले रुपे हे तिचे स्वतःचे धन. १९७० नंतर तेलाचा पैसा आला, बायकांस सोन्याची आवड लागली, आणि पेट्यांतले रुपे बाजारात येऊ लागले.

एका शुक्रवारी आम्ही दुकानात बसलो असता एक वृद्ध बाई नातवाचा हात धरून आली. तिने पदराच्या गाठीतून पैंजण, कडी आणि एक तावीत काढून दुकानदारापुढे ठेवले. दुकानदाराने ते सर्व एकदम तराजूत टाकले. काम कोणाचे, गाव कोणते, घडण किती जुनी, काही पाहिले नाही. वजन सांगितले आणि रक्कम सांगितली. बाईने मान हलविली. पैसे नातवाने मोजून घेतले. जाताना तिने तराजूतल्या त्या ढिगाकडे एकदा पाहिले की नाही, हे सांगता येणार नाही, कारण तिच्या तोंडावर बुरखा होता. ती दृष्टीआड होताच दुकानदाराने तावीत बाजूला काढला, कापडाने पुसला, आणि आमच्यापुढे ठेवून जी किंमत सांगितली ती साऱ्या ढिगाच्या किमतीहून फारशी कमी नव्हती. आम्ही तो घेतला. सौभाग्यवती घरी पोहोचेपर्यंत बोलल्या नाहीत. पण संग्रहाच्या नादात असलेल्या माणसास बायकोच्या मौनाचा अर्थ लावण्याची बुद्धी नसते.

परमुलखात नोकरीस राहून तेथल्या लोकांच्या वस्तू गोळा करणाऱ्यांची ही जात जुनी आहे, आणि तिच्यातला एक नामांकित पुरुष आमच्याच गावी होऊन गेला. नाशिकचे कलेक्टर जॅक्सनसाहेब संस्कृतचे चांगले जाणकार होते. त्यांनी शाळामास्तरांकडे प्रश्नावल्या पाठवून खेड्यापाड्यांतल्या समजुती, नवस, चालीरीती टिपून घेतल्या होत्या. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात 'शारदा' नाटकाच्या वेळी अनंत कान्हेरे या तरुणाने त्यांस गोळ्या घातल्या. बाबाराव सावरकरांस जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली होती, तिचा तो सूड होता. कान्हेरे, कर्वे व देशपांडे हे तिघे पुढच्या एप्रिलात ठाण्यास फाशी गेले. साहेबांनी जमविलेली टिपणे एंथोवेन यांनी नंतर छापून काढली, आणि ती आजही उपयोगी पडतात. विजयानंदवरून जाताना आमच्या मनात नेहमी येते, की या गृहस्थास गावातल्या म्हातारीचा नवस ऐकू येत होता, पण त्याच गावातल्या तरुणाचे बोलणे ऐकू येत नव्हते. कलेक्टर या शब्दाचा मूळ अर्थ गोळा करणारा. आमच्या हाती सत्ता नव्हती, पगार होता. पण तराजूच्या कोणत्या बाजूस आम्ही बसलो होतो हे त्या शुक्रवारी कळावयास हवे होते, ते आठ वर्षांनी कळले.

नाना १९९१ साली गेले. आमचा वाडा जुन्या नाशकात भद्रकालीच्या बाजूस होता. तो १९९६ साली पाडला गेला, आणि दादा व वहिनी गंगापूर रस्त्यावर तीन खोल्यांच्या जागेत राहावयास गेले. त्या वेळी वाड्यातली तांब्यापितळेची भांडी मोडीत घातली. बंब, दोन हंडे, पराती, सतेली, पाण्याचे पिंप आणि आजीचे घंगाळ. घंगाळावर ठिपक्यांनी आजीचे माहेरचे आणि सासरचे नाव घातले होते व खाली शके १८४४ असे साल होते. लहानपणी अभ्यंगस्नानाच्या पहाटे, पणतीच्या उजेडात, त्या ठिपक्यांवरून बोट फिरवून आम्ही अक्षरे वाचावयास शिकलो. ही बातमी आम्हांस पत्रातून कळली. तीही शेवटच्या ओळीत, "भांडी मोडीत दिली, भाव बरा आला," अशी.

आम्ही तत्काळ दूरध्वनी केला. काय काय बोललो ते आठवून आज लाज वाटते. पूर्वजांची आठवण, कारागिरी, नाशिकच्या तांबटांची कीर्ती, सर्व काही बोललो. दादा गप्प होते. मग यंत्र वहिनींनी घेतले. त्या आमच्याशी कधी चढ्या आवाजात बोलल्या नव्हत्या, तेव्हाही बोलल्या नाहीत.

"भावजी, घंगाळ गेले तेव्हा मलाही रडू आले," त्या म्हणाल्या. "पण बावीस वर्षे ते मी घासले. दर दिवाळीला सगळी भांडी अंगणात काढायची, चिंच-मीठ लावायचे, राखेने घासायचे. हाताची सालटी निघायची. कल्हईवाला दारावर यायचा बंद झाला, तर त्याला शोधत मी उन्हातून हिंडले. तुम्ही रजेवर यायचात आणि म्हणायचात, कशी लखलखताहेत! आता या तीन खोल्यांत बंब ठेवू कुठे? त्या पैशांत कपडे धुण्याचे यंत्र घेतले. तुम्हांला हवी होती तर न्यायची होती. तुम्ही तिकडे लोकांची नेत होता, म्हणून आम्हांला वाटले, आपली तुम्हांला नको असतील."

आम्ही यंत्र खाली ठेवले. समोर ती झारी होती. तेरा वर्षांत तिला एकदाही आम्ही स्वतः पुसले नव्हते, ही गोष्ट त्या क्षणी प्रथम ध्यानात आली.

दुसऱ्याच्या घरातली वस्तू का बरे इतकी गोड वाटते? आमच्या मते, ती आपल्याकडे काही मागत नाही म्हणून. आजीचे घंगाळ म्हटले, की आजीची बोलणी, वाटणीचा वाद, घासणारीचे हात, सारे त्याबरोबर येते. मुत्रहची झारी मुकी आहे; ज्या बाईने तिच्यातून पाहुण्यांस कॉफी ओतली तिचे नावही आम्हांस ठाऊक नाही, आणि ते ठाऊक नसणे सोयीचे आहे. पुण्याचे दिनकर केळकर, कवितेच्या जगात अज्ञातवासी म्हणून ओळखले जाणारे, यांनी उलटी वाट धरली. अडकित्ते, दिवे, भांडी, दरवाजे, म्हणजे आपल्याच लोकांच्या घरांतून बाहेर पडू लागलेल्या वस्तू त्यांनी दारोदार हिंडून जन्मभर जमविल्या, लहानपणी वारलेल्या आपल्या राजा या मुलाचे नाव त्या संग्रहास दिले, आणि तो सरकारच्या स्वाधीन केला. तेथे गेलो म्हणजे काचेआड ठेवलेले एखादे घंगाळ आम्ही वाकून वाकून पाहतो. पहारेकऱ्यास आमचा संशय येत असावा.

तर त्या मुलीच्या प्रश्नानंतर आठवड्याने आम्ही नाशिकच्या भांडी बाजारात गेलो. अठ्ठावीस-तीस वर्षांपूर्वी वितळलेले घंगाळ सापडेल अशी आशा बाळगण्याइतके आम्ही भोळे नाही. तरी पाय गेले खरे. एका दुकानाच्या मागल्या बाजूस मोडीचा ढीग होता. चेपलेले तांबे, फुटके हंडे, कान तुटलेल्या पराती, आणि प्रत्येकावर ठिपक्यांची नावे. "नाव घातलेली इतकी कशी?" आम्ही विचारले. दुकानदार तरुण होता. "काका, सगळ्यांवर नाव असतेच," तो म्हणाला. "म्हणून तर तशी विकता येत नाहीत. लग्नात द्यायला दुसऱ्याच्या नावाचे भांडे कोण घेईल? हल्ली काही मोठी माणसे हॉटेल सजवायला नेतात, बाकीची भट्टीत." ढिगातून आम्ही एक लहान घंगाळ ओढून काढले. काळे पडलेले, एका कडीचे. त्याने ते तराजूत टाकले आणि भाव सांगितला. आम्ही घासाघीस केली नाही. मुत्रहच्या त्या दुकानातला तराजू डोळ्यांपुढे होता.

तुळशीच्या लग्नास वहिनी आल्या. त्यांचे वय आता पंचाहत्तरीच्या पुढे आहे. घंगाळ पाहून त्या हसल्या, चिंच भिजत घालावयास सांगितली, आणि मागल्या दारी पाटावर बसल्या. सौभाग्यवतींनी "राहू द्या हो, बाई येईल उद्या," असे म्हटले, पण त्यांनी ऐकले नाही. हळूहळू काळिमा सुटला, तांबूस रंग वर आला, आणि ठिपके दिसू लागले. वहिनींनी चष्मा वर सरकवून अक्षरे लावली. एका मुलीचे नाव होते, ते आम्ही येथे देत नाही, कारण त्या घरातले कोणी हयात असतील. त्यापुढे "हिस मामांकडून", मग निफाड, आणि शके १८६१.

"मामाने दिलेय," वहिनी म्हणाल्या. "वडिलांचे नाव नाही. मुलीला बाप नसावा." थोडे थांबून त्यांनी पुन्हा म्हटले, "आणि मामाची ऐपतही बेताची. एवढेसे घंगाळ दिलेय."

आम्ही तेवीस वर्षे मस्कतच्या वस्तू जमविल्या आणि एकीवरूनही आम्हांस इतके वाचता आले नाही, असे आम्ही म्हणणार होतो. पण वहिनींनी अर्धे घासलेले घंगाळ आमच्यापुढे सरकविले, चिंचेचा गोळा आमच्या हातावर ठेवला, आणि "उरलेली बाजू तुमची, भावजी," असे म्हणून त्या हात धुवावयास उठल्या. आम्ही सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या आणि पाटावर बसलो.